माग का थांबतो? : डेटाबेसचे इशारे आणि डिस्कवरचा भार

‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे वाक्य ज्याच्या कानावर कधी पडले नाही असा माणूस आज सोलापुरात शोधूनही सापडणार नाही. रेशनचे दुकान असो, सातबारा काढून देणारे केंद्र असो, बँक असो की भविष्य निर्वाह निधीचे अर्ज भरणारे दुकान असो. खिडकीतून हे वाक्य आले की रांग मुकाट्याने पांगते. ज्याला महिन्याचा पगार आहे त्याची अर्ध्या दिवसाची रजा खर्ची पडते. पण जी बाई हजार बिड्यांना अमुक इतके या दराने काम करते, तिची त्या दिवसाची मजुरीच बुडते. बिडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू झाला १९७७ साली. तेव्हा त्या निधीची नोंद कागदाच्या वहीत होती, आज ती यंत्रात आहे. म्हणून यंत्र का रखडते हा प्रश्न एकट्या तंत्रज्ञाचा राहिलेला नाही. खिडकीच्या अलीकडे जो उभा आहे त्याचाही तो झाला आहे.

यंत्र रखडण्याची कारणे अनेक आहेत. कधी तार तुटते, कधी वीज जाते, कधी प्रोग्रॅमच चुकीचा लिहिलेला असतो. त्यांतल्या एकाच कारणाचा येथे विचार करावयाचा आहे, कारण ते फार आढळते आणि फार वेळा चुकीच्या माणसाच्या माथी मारले जाते. ते कारण म्हणजे डिस्कवर पडलेला भार. हा भार वाढला की डेटाबेस आधी इशारे देऊ लागतो. हे इशारे काय सांगतात, काय सांगत नाहीत, आणि ते दिसू लागल्यावर चौकशी कोणत्या क्रमाने करावी, एवढाच आजचा विषय आहे.

कारकून, टेबल आणि कोठी

पतपेढीतला जुना कारकून डोळ्यांसमोर आणा. त्याच्यापुढे एक टेबल आहे आणि पाठीमागे वह्यांची कोठी आहे. खातेदार आला की तो कोठीतून वही काढतो, टेबलावर उघडतो, पाहतो, लिहितो, आणि सवड मिळाली की वही पुन्हा कोठीत ठेवतो. डेटाबेस हा असा कारकून होय. टेबल म्हणजे यंत्राची मेमरी. ती चपळ असते, पण लहान असते आणि वीज गेली की कोरी होते. कोठी म्हणजे डिस्क. ती मोठी असते, वीज गेली तरी तिच्यातले अक्षर पुसले जात नाही, पण ती मंद असते. हिशेब करणारे डोके म्हणजे प्रोसेसर.

आपल्या शहराला याहून जवळचा दाखला मागाचा आहे. धोट्याचा माग कितीही वेगाने चालणारा असो, त्याला कांडी लागते. कांडी संपली आणि दुसरी वेळेवर आली नाही की माग थांबतो. आता बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसते? माग बंद दिसतो आणि मागापाशी विणकर उभा दिसतो. जॉबर ओरडतो तो विणकरावर. कांडी भरणारी बाई पलीकडच्या खोलीत असते. तिच्याकडे एका मागाऐवजी पाच मागांचे काम दिलेले असते, ते कोणी पाहत नाही. डेटाबेसच्या बाबतीत नेमके हेच घडते. प्रोसेसर म्हणजे माग, मेमरी म्हणजे मागाशेजारची कांड्यांची पेटी, आणि डिस्क म्हणजे कांडी भरण्याची खोली. पडद्यावर ‘डेटाबेस मंद आहे’ असे दिसते. पण प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा, कांडीची वाट पाहत बसलेला असतो.

डिस्क मंद का, याचे उत्तर तिच्या घडणीत आहे. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली डिस्क बाजारात आणली. तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे तबकड्या लहान झाल्या, अक्षरे अब्जांनी वाढली, पण मूळ रचना तीच राहिली: फिरणारी तबकडी आणि तिच्यावर पुढे-मागे सरकणारा दांडा. आजही साठवणीसाठी वापरली जाणारी नेहमीची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा दांड्याखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो. हा वेळ झाला सुमारे ४ मिलिसेकंद. त्याआधी दांडा योग्य वर्तुळावर न्यावा लागतो. त्याला आणखी ८ मिलिसेकंद धरा. एका वेचक वाचनाला १२ मिलिसेकंद म्हटले, तर सेकंदाला अशी ८० वाचने झाली. त्याहून अधिक काम ही डिस्क करूच शकत नाही, मग तिच्यावर कोणी कितीही रागवो.

हीच डिस्क एका ओळीने, न थांबता वाचावयास लावली, तर सेकंदाला १५० मेगाबाइट सहज देते. पण ८ किलोबाइटांची पाने इकडून एक, तिकडून एक अशी वेचावयास लावली, तर ८० पानांचे सेकंदाला ६४० किलोबाइट एवढेच निघतात. एकाच डिस्कच्या कामात दोनशे पटींहून जास्त फरक पडतो, तो केवळ काम कसे दिले यावर. ज्याने कारखान्यात काम केले आहे त्याला हे निराळे सांगावयास नको.

आता बिनफिरत्या डिस्का आल्या आहेत. त्यांना एसएसडी म्हणतात. त्यांत तबकडी नाही, दांडा नाही, आणि त्या सेकंदाला हजारो, चांगल्या प्रतीच्या असल्यास लाखो वाचने करतात. त्यांनी पुष्कळ दुखणी बरी केली. तथापि मर्यादा त्यांनाही आहे. विशेषतः ‘हे आत्ताच्या आत्ता पक्के लिही’ असा आग्रह वारंवार धरला, तर स्वस्त प्रतीची एसएसडी चटकन दमते.

कीर्द आधी, खतावणी मागाहून

असा आग्रह डेटाबेस का धरतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्यांना रोजकीर्द आणि खतावणी यांतला भेद ठाऊक आहे. व्यवहार झाला की तो प्रथम रोजकीर्दीत, आला तसा, एकाखाली एक लिहावयाचा. खात्याखात्यावर तो मागाहून, सवडीने चढवावयाचा. डेटाबेसही अगदी असेच करतो. त्याच्या रोजकीर्दीला लॉग म्हणतात. तुम्ही पैसे भरले आणि पडद्यावर ‘जमा झाले’ असे आले, याचा अर्थ ती नोंद लॉगमध्ये, डिस्कवर, पक्क्या शाईने लिहिली गेली. ती लिहिली जाईपर्यंत कारकून पावती देत नाही. त्यानंतर ठरावीक काळाने टेबलावर साचलेली बदललेली पाने कोठीत नेऊन ठेवली जातात. या खतावणीला चेकपॉइंट म्हणतात.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली ही, की लॉगचे लेखन थोडे जरी रखडले तरी प्रत्येक खातेदाराची पावती रखडते. दुसरी ही, की चेकपॉइंटच्या वेळी डिस्कवर एकदम लेखनाचा लोंढा येतो, आणि त्या लोंढ्यात बिचाऱ्या वाचणाऱ्यांचीही वाट अडते.

येथे एका धोक्याच्या सूचनेची गरज आहे. काही ठिकाणी वेग वाढविण्यासाठी ‘डिस्कवर पक्के होण्याची वाट पाहू नको’ अशी कळ डेटाबेसला फिरवून ठेवतात. यंत्र खरोखरच वेगाने चालू लागते. पण त्याचा अर्थ असा, की पावती हातात दिली आणि कीर्दीत लिहिलेच नाही. त्या क्षणी वीज गेली तर पावती खरी की वही खरी, असा तंटा उभा राहतो आणि त्यात हरतो तो पावतीवाला. वर्तमानपत्राची वाचकसंख्या मोजण्याच्या कामी हा धोका कोणी पत्करला तर पत्करो. कोणाच्या पगाराच्या, निधीच्या, कर्जाच्या नोंदीत तो पत्करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

रांगेचे गणित

‘काल तर बरे चालले होते, आज एकाएकी काय झाले?’ हा प्रश्न प्रत्येक कार्यालयात विचारला जातो. त्याचे उत्तर रांगेच्या गणितात आहे. या गणिताचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे एर्लांग नावाचे गणिती यांनी १९०९ साली घातला. टेलिफोनच्या किती तारा ठेवल्या म्हणजे बोलणाऱ्याला फार ताटकळावे लागणार नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

त्या गणिताचे सार असे. मागण्या ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी चार एकदम येतात, कधी क्षणभर कोणी येत नाही. म्हणून भार वाढतो त्या प्रमाणात वाट पाहणे वाढत नाही. ते सुरुवातीला हळू वाढते आणि शेवटी उसळी मारते. एका कामाला १२ मिलिसेकंद लागणारी आपली डिस्क घ्या. ती निम्मा वेळ कामात असेल, तर रांगेसकट एका मागणीला सरासरी २४ मिलिसेकंद लागतात. शंभरातले ८० क्षण कामात असेल तर ६० मिलिसेकंद; ९० असेल तर १२०; आणि ९५ असेल तर २४०. एका खातेदाराच्या कामाला अशी ५० वाचने लागत असतील, तर निम्म्या भारावर त्याचे काम सव्वा सेकंदाच्या आत होते, आणि ९५ टक्के भारावर त्यालाच १२ सेकंद लागतात. नव्वदावरून पंच्याण्णवावर जाण्यास फार काही घडावे लागत नाही; कोणीतरी एक लांबलचक यादी काढावयास बसला एवढे पुरते. म्हणून ‘काल बरे होते’ हे खरे असते, आणि दुखणे मात्र कालही होते.

असाच हिशेब मेमरीचा. शंभर पाने मागितली त्यांतली ९९ टेबलावरच सापडली, तर कोठीत एकदाच जावे लागते. टेबल अपुरे पडून ९५ च सापडू लागली, तर कागदावर घट चारचीच दिसते. पण कोठीच्या खेपा एकावरून पाचावर जातात. व्यवस्थापक म्हणतो, ‘फारसा फरक नाही.’ डिस्कला विचारा.

इशारा काय म्हणतो?

आता प्रत्यक्ष इशाऱ्यांकडे वळू. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस पुष्कळ कार्यालयांत आहे. डिस्ककडे केलेली मागणी १५ सेकंदांत पुरी झाली नाही, तर तो आपल्या नोंदवहीत तसे लिहितो आणि कोणत्या फाइलवर हे घडले तेही लिहितो. जी गोष्ट १२ मिलिसेकंदांत व्हावयाची तिला १५ सेकंद लागले, म्हणजे हजारपटीहून अधिक उशीर झाला. तेव्हा हा इशारा येईपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असतो. पोस्टग्रेस नावाचा दुसरा डेटाबेस आहे. लॉग भरून गेल्यामुळे चेकपॉइंट ३० सेकंदांहून कमी अंतराने होऊ लागले, तर तो ‘चेकपॉइंट फार वारंवार होत आहेत’ असे कळवितो. मायएसक्यूएल हा तिसरा. बदललेली पाने कोठीत नेणारा त्याचा हमाल एका सेकंदाच्या फेरीला अनेक सेकंद घेऊ लागला, तर तोही तशी नोंद करतो.

तिघांची भाषा निराळी, पण सांगणे एकच: ‘मी कोठीच्या दाराशी उभा आहे आणि मला वही मिळत नाही.’ हे ऐकणाऱ्याने एक गोष्ट नीट ओळखली पाहिजे. ओरडतो तो डेटाबेस, दबते ती डिस्क, आणि भार घालतो तो तिसराच कोणीतरी. या तिघांची गल्लत केली की रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार होतो. कोणी डेटाबेस बदलू पाहतो, कोणी महागडी डिस्क आणतो, आणि तिसऱ्याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे इशाराच बंद करणे. पोस्टग्रेसमधला वर सांगितलेला इशारा एक आकडा शून्य केला की दिसेनासा होतो. भोंगा काढून टाकला म्हणून पाळी संपत नाही, आणि तक्रारीचा अर्ज फाडला म्हणून गाऱ्हाणे मिटत नाही. कामगार चळवळीत वर्षे घालविलेल्या माणसाला हा अनुभव नवा नाही.

चौकशीचा क्रम

चौकशी करावयाची ती क्रमाने. प्रथम वेळ पाहावी. प्रत्येक इशाऱ्यापुढे घड्याळाची वेळ लिहिलेली असते. एका बाजूला या वेळा मांडाव्या आणि दुसऱ्या बाजूला त्या वेळी कार्यालयात काय चालले होते ते लिहावे. इशारे रोज ठरावीक वेळीच येत असतील, तर दोष बहुधा वेळापत्रकात असतो.

दुसरे, फाइल पाहावी. रखडली ती खात्यांची फाइल, की लॉगची, की तात्पुरत्या कामाची? मोठी यादी क्रमाने लावताना मेमरी अपुरी पडली की डेटाबेस तात्पुरत्या फाइलीत पसारा मांडतो. तेथे गर्दी दिसली तर यादी काढणाऱ्याचा माग काढावा.

तिसरे, प्रत्यक्ष मोजावे. लिनक्सवर आयओस्टॅट नावाचे साधन आहे, विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटर आहे. त्यांत एका वाचनाला व एका लेखनाला सरासरी किती मिलिसेकंद लागले आणि रांगेत किती मागण्या उभ्या आहेत, हे दोन आकडे मुख्य. ‘डिस्क शंभर टक्के कामात’ हा आकडा एकट्याने फसवितो. एसएसडी किंवा अनेक डिस्कांचा जुडगा एकाच वेळी पुष्कळ कामे करीत असतो, त्यामुळे तो सतत कामात दिसला तरी तुंबलेला असेलच असे नाही. वाट किती पाहावी लागते, हीच खरी कसोटी.

चौथे, वाचन तुंबले की लेखन तुंबले ते पाहावे. वाचन तुंबले असेल तर संशय दोघांवर: अपुरी मेमरी आणि सूचीचा अभाव. सूची म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी नावनिशी. तंत्रज्ञ तिला इंडेक्स म्हणतात. १० लाख सभासदांची नोंद आहे, एका पानावर २० सभासद मावतात असे धरा; म्हणजे ५० हजार पाने झाली. सूची असेल तर एक सभासद शोधण्यास तीन-चार पाने उलटावी लागतात. नसेल तर सगळी ५० हजार. लेखन तुंबले असेल तर लॉग, चेकपॉइंट, बॅकअपची प्रत आणि मोठ्या प्रमाणावर केलेली भरती यांच्याकडे पाहावे.

पाचवे, कोठीची प्रकृती तपासावी. एक डिस्क बिघडली तरी माहिती वाचावी म्हणून अनेक डिस्का एकत्र बांधण्याची रीत आहे. पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ या तिघांनी १९८८ साली तिला रेड हे नाव दिले. तिच्या एका प्रकारात छोट्याशा लेखनालाही चार हालचाली कराव्या लागतात: जुने वाचा, जुनी पडताळणी वाचा, नवे लिहा, नवी पडताळणी लिहा. एक डिस्क बदलून तिची पुन्हा भरती चालू असेल, तर त्या काळात सर्वच काम मंदावते. काही यंत्रांत लेखन क्षणभर धरून ठेवणारा भाग बॅटरीच्या आधारावर चालतो. ती बॅटरी मेली की यंत्र सावधगिरीने प्रत्येक लेखन थेट डिस्कवर नेते आणि एका रात्रीत सगळे रखडू लागते. शिवाय आजकाल एकाच कोठीवर अनेक कार्यालयांची यंत्रे चालतात. शेजाऱ्याच्या गर्दीचा ताप आपल्याला होतो.

आणि सहावे, एका वेळी एकच बदल करावा व पुन्हा मोजावे. चार उपाय एकदम केले तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

एक मेमो

आमच्या संघटनेकडे एकदा एका पतसंस्थेतला कारकून मेमो घेऊन आला. पगारानंतरच्या आठवड्यात कर्जाचे हप्ते भरण्यास गर्दी होई, आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या खिडकीवरचे काम रखडे. मेमोत ‘कामात दिरंगाई’ असा ठपका होता. यंत्राच्या नोंदवहीत डिस्कचे इशारे ओळीने लिहिलेले होते. ते कोणी वाचलेले नव्हते. ज्यांनी वाचले त्यांनी नवे यंत्र घेण्याचा ठराव मांडून ठेवला होता.

आम्ही एका तंत्रज्ञाला सोबत घेतले आणि आठवडाभर साध्या कागदावर दोन रकाने भरले: एकात इशाऱ्याची वेळ, दुसऱ्यात त्या वेळचे काम. इशारे दुपारीच येत होते. संध्याकाळी यंत्र बंद करून जात असल्यामुळे बॅकअपची प्रत काढण्याची वेळ कोणीतरी भर दुपारची ठेवली होती. आणि ती प्रत निघत होती त्याच डिस्कवरून त्याच डिस्कवर. प्रतीची वेळ बदलून ती दुसऱ्या डिस्कवर काढू लागल्यावर इशारे कमी झाले, पण थांबले नाहीत. उरलेले इशारे थकबाकीदारांची यादी निघे तेव्हा येत. ही यादी वरच्या खोलीतून दिवसातून कितीतरी वेळा मागितली जाई, आणि तिच्यासाठी सूची नसल्यामुळे दर वेळी सगळी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली जाई. सूची तयार केली, ती यादी सकाळी एकदाच काढावयाची असे ठरले, आणि काम सुरळीत झाले. नव्या यंत्राचा ठराव बारगळला. मेमो मागे घेतल्याचे तोंडी सांगण्यात आले. कागदावर तसे कोणी लिहून दिले नाही.

हे उदाहरण मी मोठ्या विजयाचे म्हणून सांगत नाही. त्यात बारकाई एवढीच, की दोन रकान्यांचा कागद नसता तर ठपका ज्याच्यावर आला त्याच्यावरच राहिला असता.

मोठ्यांच्या घरीही हेच

लहान संस्थेत असे होते, मोठ्या ठिकाणी होत नसेल, असा कोणाचा समज असेल तर तो सोडावा. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईचे राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले, ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या तारांत बिघाड झाला होता. त्याच्या जोडीने माहितीच्या साठवणीची मध्यवर्ती व्यवस्था यंत्रांना मिळेनाशी झाली, आणि तिच्यावर चालणारी जोखीम मोजणारी व्यवस्था बंद पडली. जोखीम मोजता येत नसेल तर सौदे चालू ठेवता येत नाहीत. येथे डिस्कवर जादा भार नव्हता; कोठीचे दारच बंद झाले होते. पण वरच्या मजल्यावरून पाहता दोन्हींचे स्वरूप सारखेच: माग ठीक, विणकर ठीक, आणि कांडी येत नाही. कितीही मोठे यंत्र घेतले तरी त्याचा वेग ठरतो तो त्याच्या सर्वांत तळाशी बसून साठवण करणाऱ्या भागावर.

रांग पातळ करण्याचा उपाय

उपायांचाही क्रम आहे. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नको असलेले काम बंद करणे. त्यानंतर कामाची वेळ बदलणे. त्यानंतर सूची करून काम हलके करणे. त्यानंतर मेमरी वाढविणे. त्यानंतर लॉग व खाती निरनिराळ्या डिस्कांवर ठेवणे. आणि नवी, वेगवान डिस्क घेणे हा सर्वांत शेवटचा. हा शेवटचा उपाय वाईट आहे असे नव्हे. फिरत्या डिस्कवर चालणारा मोठा डेटाबेस एसएसडीवर नेणे पुष्कळदा योग्यच असते. पण मोजमाप न करता आणलेली डिस्क म्हणजे निदान न करता दिलेले इंजेक्शन. सहा महिने बरे वाटते आणि वाढत्या नोंदींबरोबर दुखणे परत येते.

कामाची वेळ बदलण्याचा उपाय तंत्रज्ञाच्या खोलीपुरता नाही. तो सरकारच्या नियमांतही बसतो. भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला नोव्हेंबर महिन्यातच दिला पाहिजे, असा पूर्वी दंडक होता. म्हातारी माणसे एकाच महिन्यात रांगा लावीत. पुढे हा दाखला वर्षातून केव्हाही द्यावा आणि तो दिल्या दिवसापासून वर्षभर चालावा, असा बदल झाला. तसेच २०२१ च्या डिसेंबरअखेर वारसाची नोंद करण्यासाठी संकेतस्थळावर झुंबड उडाली, तेव्हा ३१ डिसेंबरनंतरही ही नोंद करता येईल असे निधी संघटनेने जाहीर केले. दोन्ही वेळा खिडकीही वाढली नाही आणि यंत्रही बदलले नाही. रांग मात्र पातळ झाली. शेवटची तारीख ठरविणारा अधिकारी हादेखील डिस्कवर भार घालणाऱ्यांपैकी एक असतो, हे त्याच्या ध्यानात आणून देणे आपले काम आहे.

आपण काय विचारावे?

आपण सारे काही तंत्रज्ञ होणार नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. पण आपण पतसंस्थेचे सभासद आहोत, संचालक आहोत, ग्राहक आहोत, निधीचे वर्गणीदार आहोत. वार्षिक सभेत नव्या यंत्राचा खर्च मंजुरीस येतो तेव्हा हात वर करणारे आपणच असतो. तेथे चार प्रश्न विचारता येतात. इशारे कोणत्या वेळी येतात? त्या वेळी कोणते काम चालू असते? एका वाचनाला किती मिलिसेकंद लागतात, हे कोणी मोजले आहे काय? आणि बॅकअपची प्रत केव्हा व कोठे निघते? ज्याच्यापाशी या प्रश्नांची उत्तरे आहेत त्याला हवा तो खर्च जरूर मंजूर करावा. ज्याच्यापाशी नाहीत त्याला आठ दिवसांची मुदत आणि एक कोरा कागद द्यावा.

आणि खिडकीपलीकडे बसलेल्या कारकुनावर तोंड टाकण्याआधी एवढे आठवावे, की तोही कांडीची वाट पाहत बसला आहे. माग थांबला तर विणकराला दोष देण्याची रीत जुनी आहे. ती मोडावयाची असेल तर कांडीच्या खोलीत डोकावून पाहावे लागते, आणि तेथे कोणी किती काम टाकले आहे ते मोजावे लागते.